डार्कलँड्स : सुरुवातीची पार्टी वारंवार मरत असेल तर

"दादा, परत मेले चौघं."

डार्कलँड्स नावाचा जुना कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या मावसभावाचा हा मेसेज जुलै महिन्यातला चौथा. मेले ते खेळातली त्याची चार माणसांची पार्टी. तो कोपरखैरण्याला, मी ठाण्यात पाचपाखाडीला. मजकूर दर वेळी तोच, मरायची जागा तेवढी वेगळी. एकदा न्युरेंबर्गच्या गल्लीत रात्री, एकदा दोन शहरांमधल्या रस्त्यावर, एकदा चक्क लांडग्यांनी फाडले. मी फोनवरून जमेल तसं सांगत होतो. चिलखत बदल. मध्ये मध्ये सेव्ह कर. पळून जायचा पर्याय असतो, तो वापरायला लाज कसली? आठवडा गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी एका रविवारी पाऊस धो धो कोसळत असताना ठाण्याहून वाशी लोकल पकडली आणि त्याच्या घरी जाऊन बसलो. तो उत्साहाने सेव्ह उघडून लढाई दाखवायला लागला. म्हटलं, "मरताना नको दाखवूस. बनवताना दाखव."

दहा मिनिटांत कळलं, घोडं तिथंच पेंड खात होतं.

अशाच अडकलेल्या बाकीच्यांसाठी हे लिहितोय. ज्यांनी खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: डार्कलँड्स १९९२ साली मायक्रोप्रोज कंपनीने काढला, मुख्य डिझायनर अर्नोल्ड हेंड्रिक. काळ पंधराव्या शतकाचा, जागा पवित्र रोमन साम्राज्य, म्हणजे ढोबळमानाने आजचा जर्मनी आणि आजूबाजूचा मुलूख. एल्फ नाहीत, आगीचे गोळे फेकणारे जादूगार नाहीत. तेव्हाच्या माणसांचा ज्यावर खरोखर विश्वास होता तेवढंच या खेळात खरं असतं: संत नवसाला पावतात, किमयागाराच्या बाटलीतून धूर निघतो, चेटकिणी रानात सभा भरवतात. लेव्हल नाहीत, क्लासही नाहीत. चार माणसं घ्यायची आणि एखाद्या शहरातल्या सराईतून सुरुवात करायची, बस.

आधी दोन किरकोळ गोष्टी तपासून घ्या, म्हणजे नंतर भलत्याच जागी खापर फुटणार नाही. तुमच्याकडची आवृत्ती ४८३.०७ आहे का पाहा. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ढेकूण, म्हणजे बग, फार होते. दुसरं, डॉसबॉक्सचा (जुने डॉसचे खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) वेग. लढाई इथे रिअल टाइम चालते आणि लॅपटॉप भरधाव असेल तर काय झालं हे कळायच्या आत माणूस आडवा. कंट्रोल आणि एफ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं. आणि स्पेसबारने लढाई थांबते. हे सांगायची गरज नसावी असं मला वाटायचं, पण भाऊसाहेब चार पार्ट्या मारेपर्यंत स्पेसबारला बोट लावत नव्हते. "पॉज केलं की मजा जाते," म्हणे.

ते दुरुस्त केलं तरी पाचवी पार्टी मेलीच असती. कारण ती अशी होती:

चार पुरुष. चारही जण गावाकडचे गरीब. चौघांनी रिक्रूट, मग सोल्जर, मग व्हेटरन असाच रस्ता धरलेला. वाटायचे गुण होते ते सगळे स्ट्रेंथ आणि एन्ड्युरन्समध्ये ओतलेले. करिष्मा कुणाकडेच नावाला नाही. लॅटिन शून्य, लिहिणं-वाचणं शून्य, धर्माचं ज्ञान शून्य. चौघांत मिळून हीलिंग सर्वांत जास्त कुणाचं, तर एकाचं ८.

मावशी भज्यांची ताटली ठेवायला आली होती. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे स्क्रीनवर काहीही असलं तरी वाचून बघते. मी एकेक रकाना मोठ्याने वाचत होतो, ते ऐकून म्हणाली, "चौघांत एकालाही वाचता येत नाही? मग पत्ता कसा शोधतात?"

मावशीने अचूक बोट ठेवलं होतं.

लढाया जिंकतो, पण तिसऱ्या-चौथ्या लढाईत अचानक सगळे मरतात

सर्वांत जास्त तक्रार हीच, म्हणून इथे जरा थांबू. या खेळात वार लागला की दोन ठिकाणी मार बसतो. बराचसा एन्ड्युरन्सवर, थोडा स्ट्रेंथवर. एन्ड्युरन्स संपला की माणूस बेशुद्ध पडतो. स्ट्रेंथ संपली की मेला. एन्ड्युरन्स म्हणजे दम, तो विश्रांती मिळाली की लवकर भरून येतो. स्ट्रेंथ गेली ती मात्र खरी जखम, आणि ती दिवसांच्या हिशोबाने भरते. किती वेगाने भरते हे पार्टीत हीलिंग कुणाला येतं, किती येतं यावर.

आता भावाचा खेळ बघा. पहिली लढाई जिंकली. एन्ड्युरन्सच्या पट्ट्या पुन्हा भरल्या, तो खूश. पण त्याच्या आघाडीच्या गड्याची स्ट्रेंथ ३५ वरून २७ वर आली होती, तिकडे लक्ष कुणाचं? दुसरी लढाई, २७ ची १९. तरी पट्टी भरलेलीच दिसते, कारण तो दमाची पट्टी बघतोय. वर स्ट्रेंथ उतरली की अंगावरचं लोखंडही जड होतं, हालचाल मंदावते, वार चुकवणं जमत नाही. तिसऱ्या लढाईत तोच गडी, तेच चिलखत, पण आतून पोकळ झालेला. "अचानक" काही होत नाही, तीन लढायांचं व्याज एकदम वसूल होतं.

उपाय दोन. लढाई संपली की स्ट्रेंथचा आकडा बघायची सवय लावा आणि तिसरा हिस्सा गेलेला दिसला तर सराईत मुक्काम ठोका. आणि पार्टी बनवतानाच एक माणूस असा घ्या ज्याला हीलिंग नीट येतं. नीट म्हणजे ८ नव्हे. शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्यालाही थोडं द्या, कारण वैद्यच पडला तर पुढे काय?

हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. "राहू दे ना दादा, ते तलवारीवर टाकतो," हे त्याचं उत्तर.

वार बसतात, पण समोरचा पडत नाही

याला पार्टीपेक्षा हत्यार जबाबदार आहे, पण मूळ पुन्हा बनवण्यातच. भावाने चौघांनाही तलवार शिकवली होती. खेळात हत्यारांचे गट वेगळे: धारेची, आघाताची, साखळीची, लांब दांड्याची, फेकायची, धनुष्य, आणि आडधनुष्य-बंदुकांचा एक गट. प्रत्येक हत्याराची भेदक शक्ती वेगळी, समोरच्या चिलखताची जाडी वेगळी, आणि छाती-डोक्याचं चिलखत एक, हातापायांचं दुसरं. पत्र्याचं चिलखत घातलेल्या सरदारावर तलवार घसरते, हे त्या काळातही खरं होतं. म्हणून तर गदा, हातोडे आणि टोकदार कुऱ्हाडी निघाल्या. तेव्हा चौघांत किमान एकाला आघाताचं हत्यार द्याच. तोवर तलवारवाल्यांसाठी लढाईत एक वेगळा हुकूम आहे, चिलखताची फट बघून वार करायचा. सावकाश लागतो, पण लागतो. त्याच्या उलट बेभान होऊन तुटून पडायचा जो हुकूम आहे तो नव्याने खेळणाऱ्यांना फार आवडतो, आणि त्यात स्वतःचा बचाव पार उघडा पडतो. भावाच्या निम्म्या मढ्यांचं कारण ते.

शहरात शिरलो की काहीच होत नाही

वेशीवरचा पहारेकरी पैसे मागतो, दिले तर आत सोडतो. व्यापारी काम द्यायला तयार नाही. विद्यापीठात कुणी उभं करत नाही. मठात दोन वाक्यांत वाटेला लावतात. मग उरतं काय? रस्त्यावर जाऊन मारामारी. आणि मारामारीत पहिली तक्रार.

हे होतं कारण बोलायच्या प्रसंगात खेळ बघतो तो पार्टीचा म्होरक्या. त्याचा करिष्मा, त्याची बोलीभाषा. भावाने म्होरक्या केला होता चौघांतला सर्वांत जाड माणूस. वेशीवर असा माणूस पुढे आला तर पहारेकरी काय समजेल? बदलणं सोपं आहे, म्होरक्या हवा तेव्हा बदलता येतो, पण बदलायला कुणीतरी बोलका असावा लागतो ना पार्टीत.

लॅटिनचं काय, असं त्याने विचारलंच. "मेलेली भाषा दादा, तिच्यावर गुण कोण घालवेल?" पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ती चांगली जिवंत होती. चर्चची, वैद्यांची, किमयागारांची, विद्यापीठांची भाषा तीच. प्रागचं विद्यापीठ १३४८ चं, हायडेलबर्गचं १३८६ चं, कोलोनचं १३८८ चं, आणि तिथल्या पंडितांशी बोलायचं तर लॅटिनच. छापखाना यायला अजून अर्धं शतक. जे काही शिकायचं ते कुणाच्या तरी तोंडून किंवा हाताने उतरवलेल्या पोथीतून. म्हणून खेळातही संत आणि किमयेची सूत्रं शिकायच्या वाटा अशाच ठिकाणांतून जातात. चौघांत एकाला चांगलं लॅटिन आणि लिहिता-वाचता येत असेल तर अर्धा नकाशा उघडतो. दोघांना यायची गरज नाही.

तर ही सगळी लक्षणं एकाच आजाराची. पार्टी कमजोर असल्यामुळे मरत नव्हती, तिच्यात भोकं होती म्हणून मरत होती. चार जाडी माणसं घेऊन एकच काम चौपट केलं की बाकीची कामं शून्य राहतात, आणि खेळ तुम्हाला नेमका त्या शून्यावर गाठतो.

त्याला हे कसं समजावायचं हा प्रश्न होता. मग आठवलं की हा स्वतः दर वर्षी गोविंदा पथकात तिसऱ्या थरावर चढतो. सराव तेव्हा सुरूच होता. म्हटलं, "सगळे बेसला उभे राहतील असेच दणकट घेतलेस, तर वर कोण जाणार?" एका सेकंदात डोक्यात शिरलं. ठाण्यात हंडीचं गणित समजावून सांगावं लागत नाही. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने इथेच नऊ थर लावले होते, तेव्हाचं अजून लोक काल बघितल्यासारखं सांगतात.

वय : इथे सगळे फसतात

आता मुख्य दुरुस्ती. पार्टी बनवताना आधी घराणं निवडायचं: सरदार, श्रीमंत शहरी, शहरातले कारागीर, शहरी गरीब, गावातले कारागीर, खेडूत. मग अंगच्या सात गुणांवर वाटणी: एन्ड्युरन्स, स्ट्रेंथ, अजिलिटी, परसेप्शन, इंटेलिजन्स, करिष्मा आणि डिव्हाइन फेवर, म्हणजे देवाची कृपा. माणूस पंधरा वर्षांचा. इथून पुढे तो एकेक धंदा पाच पाच वर्षं करतो. दर पाच वर्षांनी कौशल्याचे गुण मिळतात, पण त्या धंद्यात जे शिकता येतं त्यातच खर्च करता येतात. शिकारी धनुष्य आणि रान शिकतो, विद्यार्थी लॅटिन, भटका फेरीवाला बोलणं. ज्या धंद्याला पात्र नाही तो मिळत नाही. कधीही "पुरे" म्हणून बाहेर पडता येतं.

मोह असा होतो की अजून पाच वर्षं राहू दे, अजून चार कौशल्यं वाढतील. वाढतात. पण वय चढलं की अंगची ताकद, दम आणि चपळता उतरायला लागते. आणि इथली मेख अशी की हत्यार चालवायचं कौशल्य खेळताना वापरून वापरून भरभर वाढतं, पण अंगचे गुण सहजासहजी वाढत नाहीत. म्हणजे लढवय्याला तीस-पस्तीस वर्षं होईपर्यंत तलवार शिकवत बसणं म्हणजे फुकट मिळणारी वस्तू आयुष्य देऊन विकत घेणं. भावाच्या चौघांचंही नेमकं तेच झालं होतं. पस्तिशीचे चार म्हातारबुवा, हातात उत्तम तलवार.

उलट लॅटिन, हीलिंग, किमया, धर्म ही कौशल्यं खेळताना मुंगीच्या पावलाने वाढतात, आणि त्यांना दंडाच्या बेडक्या लागत नाहीत. तेव्हा वय घालवायचंच तर तिथे घालवा.

मी त्याच्या शेजारी बसून जी पार्टी बनवून घेतली ती अशी. हीच एक बरोबर असं नाही, पण मरत नाही एवढं खरं.

पहिली, म्होरकी. सरदार घरातली, दहा वर्षं घरच्या आणि दरबारच्या वळणाची, पंचविसाव्या वर्षी बाहेर. करिष्मा चढा, बोलीभाषा चांगली, घोड्यावर बसता येतं, धारेचं हत्यार कामापुरतं. भावाला मुलगी म्होरकी करायला नको होती. कारण विचारलं तर सांगता येईना. मावशीने स्वयंपाकघरातून "मुलगीच ठेव" असा निकाल दिला आणि विषय संपला.

दुसरा खरा पहिलवान. खेडूत घरचा, पाच वर्षं शिकारी, पाच वर्षं रिक्रूट, वय पंचवीस. शिकारीची पाच वर्षं वाया नाहीत: रानाची माहिती त्याच्याकडून मिळते आणि लांडगे भेटले तर धनुष्यही. आघाताचं हत्यार यालाच. स्ट्रेंथ आणि एन्ड्युरन्समध्ये याला जितकं देता येईल तितकं द्या, याच्यावर कंजूषी नको.

तिसरी जोगीण. पंधरा वर्षं मठात काढलेली, तिशीची. धर्म, सदाचार, थोडं लॅटिन, आणि डिव्हाइन फेवर भरपूर. हिच्याबद्दल पुढे सांगतो.

चौथा म्हातारा. शहरातल्या कारागिराचा पोरगा, विद्यार्थी म्हणून सुरू करून वैद्यापर्यंत पोचलेला, मध्ये किमयागारी केलेली, वय चाळीस. लॅटिन, लिहिणं-वाचणं, हीलिंग, किमया. त्याच्या हातात आडधनुष्य देऊन सर्वांत मागे उभा करायचा आणि कुणी जवळ आलं की मागे सरकवायचा. हा मेला तर पार्टीचा निम्मा मेंदू गेला.

यात काय नाही? चोर नाही. कुलूप उघडणं, गल्लीबोळातली माहिती, चोरपावलांनी शिरणं यात ही पार्टी ढ आहे. चार माणसांत सगळं बसत नाही, एक भोक ठेवावंच लागतं. मी चोराचं ठेवलं, कारण लपून जाताना एकट्याचं कसब पुरत नाही, सोबतचा एखादा पत्र्यात मढलेला खणखणत चालला की सगळे सापडतात. तेव्हा एकच चोर घेऊन फारसं हाती लागत नाही, असा माझा अनुभव. कुणाचा वेगळा असेल.

संत पावत नाहीत

खेळात शंभरावर संत आहेत आणि प्रत्येकाचं खातं वेगळं, जसं आपल्याकडे प्रत्येक देवाचं असतं. प्रार्थना केली की डिव्हाइन फेवर खर्च होतो, आणि यश अवलंबून असतं मागणाऱ्याच्या सदाचारावर. भावाचा समज असा की संत म्हणजे स्पेल, बटण दाबलं की काम. त्याच्या आधीच्या एका पार्टीत एका सैनिकाला कुठून तरी एक संत माहीत झाला होता, आणि हा दर लढाईआधी त्याच्याकडून प्रार्थना करवत होता. सदाचार नावालाही नाही. संताने का ऐकावं?

म्हणून जोगीण. चौघांनी थोडं थोडं धार्मिक असण्यापेक्षा एकीनेच पूर्ण असावं. आणि तिला दर छोट्या संकटात कामाला लावू नका. वेशीवर पाच-पन्नास फेनिग, म्हणजे चिल्लर, वाचवायला संत बोलवायचा नसतो.

किमयेचं थोडक्यात: सुरुवातीला विसरा. जिन्नस महाग, मिश्रण बिघडलं तर जिन्नस गेले आणि वर बनवणाऱ्याला इजा. फेकायच्या एक-दोन बाटल्या जवळ असल्या तर अडचणीला ठेवा. खिसा गरम झाला की मग म्हाताऱ्याला सराईत बसवून मिश्रणं करवा.

पैशाचा हिशोब त्याला कळत नव्हता तोही सांगून टाकतो. १ फ्लोरिन म्हणजे २० ग्रोशेन, १ ग्रोशेन म्हणजे १२ फेनिग, म्हणजे फ्लोरिनला २४० फेनिग. आमच्या आजीला हे लगेच कळलं असतं. तिच्या रुपयाला १६ आणे आणि १९२ पै होत्या. भावाने फेनिगलाच रुपया समजून आठवडाभर घासाघीस केली होती.

पहिला आठवडा

पार्टी नीट बनली तरी पहिल्या आठवड्यात ती नाजूकच असते. लगेच दूरच्या शहराची वाट धरू नका. ज्या शहरात आहात तिथेच रात्री गल्लीत फिरा. चोरटे अंगावर येतात, त्यांच्या अंगावर चिलखत असलं तर हलकंच असतं. दोन-तीन मारले की हत्यारं विकून पैसे येतात आणि हात साफ होतो. शहरात नाव होतं ते वेगळंच. फक्त रात्री पहारेकऱ्यांची गस्तही असते, तिच्याशी म्होरकीला बोलू द्या.

आम्ही हेच केलं. तीन चोरटे. भावाने सवयीने पहिलवानाला धावत पुढे काढलं. मी स्पेसबार दाबला. "थांब. आधी म्हातारा मागे. जोगीण त्याच्या बाजूला. आता म्होरकी आणि पहिलवान दोघं एकाच चोरट्यावर." पुन्हा सुरू. पहिला चोरटा पडला, पुन्हा स्पेसबार, दोघांना दुसऱ्याकडे वळवलं. तिसरा वळसा घालून म्हाताऱ्याकडे निघाला होता. म्हाताऱ्याला मागे सरकवला, जोगिणीने काठीने त्याला अडवून धरलं, तोवर पहिलवान आला. मिनिटभराचं काम, पण चार वेळा थांबून. लढाई संपल्यावर मी काही बोलायच्या आधीच त्याने स्ट्रेंथचे आकडे उघडून बघितले. पहिलवानाचे ३ गेले होते, बाकी शाबूत. "उद्या परत फिरायचं?" "नाही, एक दिवस आराम. मग."

मिळालेल्या पैशांतून सगळ्यांना थोडं थोडं चिलखत घ्यायचा मोह होईल. टाळा. आधी पहिलवानाची छाती झाका, मग म्होरकीची. मागच्या दोघांना हलकं असलेलंच बरं.

गढीवर बसून वाटा अडवणारे लुटारू सरदार, जर्मनीत त्यांना पुढच्या काळात राउबरिटर हे नाव पडलं, त्यांच्या वाटेला अजून महिनाभर तरी जाऊ नका. व्यापारी बक्षिसाची रक्कम सांगतील, तोंडाला पाणी सुटेल. त्या काळच्या बादशहालाही ते आवरले नव्हते. आपापसातली खासगी युद्धं कायद्याने कायमची बंद करायला १४९५ साल उजाडलं, आणि कायदा झाला म्हणून ते लगेच थांबलेही नाहीत. तुमच्या पंचविशीच्या पहिलवानाने थोडी वाट बघितली तर काही बिघडत नाही.

संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा निघालो. मावशीने डबा दिला. भाऊ स्टेशनपर्यंत सोडायला आला आणि वाटभर त्या तीन चोरट्यांच्याच गोष्टी सांगत होता, जणू मी तिथे नव्हतोच.

चार दिवस मेसेज नाही. पाचव्या दिवशी, ऐरोलीच्या ऑफिसातून सुटून ठाण्याच्या गाडीत उभा होतो, तेव्हा फोन वाजला.

"दादा, मेले नाहीत!! तिघं मस्त आहेत."

"तिघं?"

"म्हातारा गेला. बाण लागला. पहिलवानाची स्ट्रेंथ १४ वर आलीये, सराईत आठ दिवस झाले, भरतच नाहीये. काय करू?"

मी लिहिलं, "दुसऱ्या कुणाला हीलिंग दिलं होतंस ना थोडं?"

दोन निळ्या टिका आल्या. दिघा गाव गेलं, ठाणं आलं, उत्तर काही आलं नाही.